बाउरोचा माड

"तो माड अजून उभा आहे का?"

रेडिओच्या खरखरीतून पायलटचा पहिला प्रश्न हा आला. मी त्याला पेशंटबद्दल सांगत होते. पहिलटकरीण आहे, बाळ पोटात आडवं आहे, पहाटेपासून कळा सुरू आहेत, पोट उघडल्याशिवाय सुटका होणार नाही. आणि हा बाबा मला माडाचं विचारत होता.

"कुठला माड?" मी वैतागून म्हटलं. "इथं माडांशिवाय दुसरं आहे काय?"

"धावपट्टीच्या पश्चिम टोकाचा. एकटा, उंच. तो असेल तर मला उतरता येणार नाही, डॉक्टर. वारा पूर्वेचा आहे, म्हणजे मला पश्चिमेकडूनच खाली यावं लागणार, आणि पट्टी आखूड. तो पाडलात तर मी निघतो. उजेड आहे तोवर उतरून परत उडायला हवं. पाडला की कळवा."

मी रेडिओचं बटण सोडलं. तो माड कुणाचा हे मला ठाऊक होतं, सगळ्या बेटाला ठाऊक होतं. माझ्यामागे तेकोआ उभे होते, गावातले सर्वांत वडीलधारे. चावडीत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते दारातल्या वाळूवर उकिडवे बसले.

मी मूळची वेंगुर्ल्याची. डॉक्टर झाल्यावर दोन वर्षांच्या करारावर पॅसिफिक महासागरातल्या आबामारे नावाच्या त्या बेटावर गेले होते. बेट म्हणायचं ते आपलं उगाच. प्रवाळाचं एक कडं, मध्ये निळंहिरवं शांत पाणी, बाहेर काळानिळा महासागर, आणि कड्यावर जिथं वाळू साठली तिथं माणसं. ना डोंगर, ना नदी, ना हाताला लागेल असा दगड. एका किनाऱ्यावर शिंकलं तर दुसऱ्या किनाऱ्यावरचा माणूस "बरं आहे ना?" म्हणून विचारी. गोडं पाणी वाळूखाली हातभर, त्याच्याखाली लगेच खारं. बाकी होते ते माड. मी माडांच्याच मुलखातून आलेली, त्यामुळे मला वाटलं होतं, माडाबद्दल मला कुणी काय शिकवणार?

पण तिथं माडाला नाळ होती. मूल जन्मलं की आई त्याची नाळ वाळूत पुरायची आणि वर कोंब आलेला नारळ लावायची. तो त्या मुलाचा माड. मूल असेतो त्याला कुणी कुऱ्हाड लावायची नाही. लावली, तर त्या माणसाच्याच मानेला लावली. माणूस गेला की मगच त्याचा माड पाडायचा, त्याच्याच खोडाच्या फळ्यांत त्याला निजवायचं. पहिला घाव नाळ पुरणाऱ्या आईनं घालायचा. ती नसेल तर घरातल्या दुसऱ्या बाईनं. घाव घालण्याआधी त्याचं नाव घेऊन मोठ्यानं म्हणायचं, 'हा गेला.' त्यानंतर ते नाव तोंडातून काढायचं नाही. घरातल्या एखाद्या नव्या बाळाला, मुलगा असो की मुलगी, ते मिळालं, तरच ते पुन्हा जिभेवर यायचं.

धावपट्टीच्या टोकाचा माड बाउरोचा होता. त्याच्या आईनं, मारेवानं, तो लावला तेव्हा धावपट्टीवर आठवड्याला एक लहानसं विमान यायचं, आणि हातभर कोंबाची कुणाला अडचण होणार? पण पोरगं वाढलं तसा माडही वाढला. बाउरो पंधरा-सोळा वर्षांचा झाला, तेव्हा विमानवाल्यांनी निरोप धाडला, की तो माड काढा, नाहीतर विमान बंद. गाव चावडीत बसलं. फार बोलणं झालं नाही म्हणतात. एका पोराच्या जिवापुढं विमान ते काय? गावानं विमान सोडलं. तेव्हापासून महिन्याकाठी येणाऱ्या बोटीवर सगळा कारभार. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. नंतर नंतर मात्र मला त्या माणसांचं कौतुक वाटू लागलं. आपल्याकडे एका पोरासाठी कुणी गटारावरची फरशी हलवणार नाही.

आणि आता तो बाउरोच नव्हता. आठ महिन्यांपूर्वी तो होडी घेऊन मासे धरायला गेला, तो परतलाच नाही. होडीचं इंजिन मधूनमधून दगा द्यायचं. इंजिन बंद पडलं की प्रवाह माणसाला कुठच्या कुठं नेतो. कधी दूरच्या बेटावर माणूस जिवंत सापडतो, कधी नुसती होडी सापडते, कधी तीही नाही. तो गेला तेव्हा त्याच्या बायकोला, तेरीनाला, दिवस गेलेत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

तेकोआ आणि इतर वडीलधारे मारेवाकडे दोनदा जाऊन आले होते. "रिकामी का होईना, कबर बांधू. त्याला विसावा मिळेल, तुलाही मिळेल," ते म्हणाले. दुसऱ्या खेपेला तिनं त्यांच्या अंगावर मासे साफ करायची सुरी उगारली. "ज्याला मेलेला पाहिला नाही, त्याला मी मारू?" त्यानंतर कुणी गेलं नाही. रोज सूर्य कलला की ती महासागराच्या बाजूच्या किनाऱ्यावर जायची आणि लाटांकडे तोंड करून हाक मारायची, "बाउरोऽऽ!" हरवलेल्या माणसाला घराची दिशा कळावी म्हणून अशी हाक मारतात. माझ्या दवाखान्यात ती रोज ऐकू यायची. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. पुढं पुढं त्या हाकेवर मी दिवा लावू लागले.

तर त्या दिवशी तेरीना दवाखान्यातल्या एकुलत्या एका खाटेवर होती आणि मारेवा तिच्या पायथ्याशी तिची पावलं चोळत बसली होती. काटक, उन्हानं करपलेली बाई. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. मी तिला मारेवाआई म्हणायचे. वेंगुर्ल्यातली माझी आई तिच्याच वयाची.

"विमान येतंय?" तिनं विचारलं.

मी तेकोआंकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. एवढा चावडीचा मानकरी, पण ऐन वेळी सगळं माझ्या गळ्यात.

"येईल," मी म्हटलं. "पण पायलट म्हणतो..."

 पुढचं बोलायची गरजच पडली नाही. तिच्या हातातली तेरीनाची पावलं तशीच राहिली.

"माड," ती म्हणाली.

"हो."

"दुसऱ्या बाजूनं उतर म्हणावं."

"तिकडून वारा पाठीवर येतो, मारेवाआई. विमान पट्टीवर थांबणार नाही. सरळ पाण्यात जाईल."

"बोट?"

"बोट नुकतीच येऊन गेली. तुलाही माहीत आहे."

"तू डॉक्टर आहेस ना? मग इथंच काप तिला!" ती माझ्यावर ओरडली.

"इथं भूल द्यायला माणूस नाही, रक्त नाही. मी कापलं तर ती माझ्या हाताखाली जाईल. नाही कापलं तर ती आणि बाळ, दोघंही जातील. उद्याचा दिवस नाही गं आपल्याकडे."

तेरीना हे सगळं ऐकत होती. कळ ओसरली होती आणि तिच्या कपाळावर घाम डवरला होता. ती कोपरावर उठली आणि तिनं सासूचा हात धरला.

"आई, नको. माझ्यापायी त्याला मारू नका. तो येईल. मी थांबते. मला कळा सोसवतात, खरंच सोसवतात."

मारेवा तिच्याकडे बघत राहिली. या पोरीनं आठ महिन्यांत एकदाही सासूला 'आता पुरे' म्हटलं नव्हतं. संध्याकाळी मारेवा किनाऱ्यावर जायची तेव्हा ही घरात दोनाऐवजी तीन पानं मांडायची. साऱ्या बेटात बाउरो जिवंत आहे असं मानणारी आता या दोघीच उरल्या होत्या, आणि दोघीही एकमेकींच्या जोरावर मानत होत्या.

बाहेर माणसं जमली होती.  दोघा-तिघांच्या हातात कुऱ्हाडी होत्या, पण त्या पाठीमागे धरलेल्या.

"गाव काय म्हणतं?" मारेवानं तेकोआंना विचारलं.

"गाव काही म्हणत नाही," तेकोआ म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "गावानं तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणणार नाही. नाळ तू पुरलीस. तू नाही म्हणालीस तर आम्ही इथंच बसून प्रार्थना करू. तुला कुणी बोल लावणार नाही."

मला त्यांचा राग आला. वाटलं, खांद्याला धरून त्यांना गदागदा हलवावं, ओरडून सांगावं, की अहो, तो पोरगा केव्हाच गेलाय, तुम्हालाही ठाऊक आहे, आणि इथं दोन जिवंत जीव तडफडताहेत. पण मारेवाच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी जीभ रेटेना. ती त्या माडाखाली पडलेले नारळ कुणाला उचलू देत नसे. बाउरो येऊन वेचेल म्हणायची. आठ महिन्यांचे नारळ तिथं पडून होते, काहींना कोंबही फुटले होते. त्या बाईला मी कुठल्या तोंडानं हिशेब सांगणार होते?

मी माझं काम केलं. बाळाचे ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं तेरीनाच्या पोटावर टेकवलं आणि कान लावला. ठोके होते, पण मघापेक्षा उतरले होते.

"काय ऐकतेस त्यात?" मारेवानं विचारलं.

"बाळाचं काळीज."

"मला दे."

मी बाजूला झाले. ती वाकली, कान लावला, डोळे मिटले. कितीतरी वेळ ती तशीच होती. पुन्हा कळ आली, तेरीना विव्हळली, पण म्हातारीनं कान काढला नाही. कळ ओसरल्यावर तिनं हळूच डोळे उघडले.

"बाउरोच्या होडीचं इंजिन असंच वाजायचं," ती म्हणाली. "घरात बसून मला कळायचं, आला म्हणून. आता कळेत मध्येच मंद झालं. तेही असंच मंद व्हायचं."

"हो. बाळ दमतंय."

"ते बंद पडलं तेव्हा मी तिथं नव्हते."

 तेरीनानं तिचा हात आणखी घट्ट धरला. "आई, तुम्ही मला वचन दिलंय. आपण वाट बघायची, दोघींनी."

"तू थांबशील गं," मारेवा म्हणाली. तिनं दुसरा हात तेरीनाच्या पोटावर ठेवला. "हे थांबेल का?"

तेरीनाच्या हातातून तिनं आपली बोटं एकेक करून सोडवून घेतली. पोर मोठ्यानं रडू लागली. कळांनी रडली नव्हती इतकी ती तेव्हा रडली. मारेवा दाराबाहेर गेली आणि समोर दिसला त्या माणसाच्या पाठीमागे हात घालून तिनं त्याची कुऱ्हाड काढून घेतली.

तेरीनाला मदतनीस बाईच्या हवाली करून मी मागोमाग गेले. का गेले, सांगता येत नाही. बहुतेक तिला एकटं जाऊ द्यावंसं वाटलं नाही, एवढंच. सगळं गाव चाललं होतं. धावपट्टीवर वितभर गवत माजलेलं, मध्येच प्रवाळाची पांढरी खडी दिसत होती. टोकाला तो माड. सरळसोट, जोमात असलेला, नारळांनी लगडलेला. वाऱ्यानं त्याच्या झावळ्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत होत्या.

मारेवानं कुऱ्हाड खाली ठेवली. आधी ती माडाखाली फिरली. पडलेले नारळ हातात घेऊन बघत होती, बाजारात बाया बघतात तसे, कोंब कसा आहे, मूळ किती आलंय. एक निवडून तिनं ओच्यात बांधला. मग बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि कपाळ टेकलं. तेकोआंनी डोक्यावरची टोपी काढली.

ती बाजूला झाली. कुऱ्हाड उचलली. मला वाटलं, ती कुजबुजेल. पण ती रोजच्यासारखी, किनाऱ्यावरून मारायची तशी, पोटातून ओरडली, "बाउरोऽऽ!" आणि मग अगदी साध्या आवाजात, आपण शेजारच्याला सांगतो तसं, ती म्हणाली, "हा गेला."

घाव बसला. म्हातारीच्या मानानं खोल बसला. ती कुऱ्हाड तिथंच रुतलेली सोडून वळली आणि कुणाकडेही न बघता चालू लागली. मग माणसं पुढं झाली. सुंभाचा दोर बांधून त्यांनी माड बाहेरच्या अंगाला ओढला. तो पडला तेव्हा पायाखालची जमीन हादरली. एवढंसं ते बेट, सगळ्यांनाच तो हादरा कळला असणार. दवाखान्यात तेरीनाला तर नक्कीच कळला.

मी धावत रेडिओकडे गेले आणि पायलटला सांगितलं, "माड पाडला."

"शाब्बास!" तो म्हणाला. त्याला काय ठाऊक?

विमान आलं तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. तेरीनाला आम्ही चटईच्या झोळीतून आत चढवलं. मी मारेवाला म्हटलं, "तूही चल. जागा करू."

"मला इथं काम आहे," ती म्हणाली. मग तेरीनाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही, तेरीनानंही कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर तेरीनानं रडणं थांबवलं आणि माझा हात धरला.

विमान उठलं. खिडकीतून सगळं बेट एका नजरेत आलं. एवढी एक बांगडी पाण्यात पडलेली, तिच्यात निळंहिरवं पाणी, आणि तिच्या काठावर ती आखूड पांढरी पट्टी. पट्टीच्या टोकाला आडव्या पडलेल्या झावळ्या. जरा पुढं मारेवाचं घर. घरामागे ती वाकून प्रवाळाची पांढरी खडी ओच्यात गोळा करत होती. कबर अशा खड्यांनीच भरतात. तिनं कुणाला मदतीला घेतलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि पेशंटसमोर डॉक्टरनं रडू नये वगैरे सगळं मी त्या दिवशी गुंडाळून ठेवलं.

मोठ्या बेटावरच्या इस्पितळात तेरीनाचं पोट उघडलं. मुलगी झाली. जन्मतःच निळसर होती, पण जरा वेळानं असा टाहो फोडला की सर्जन हसला. तेरीनाला बरं वाटेपर्यंत मीही तिथंच राहिले. मुलीची वाळलेली नाळ मी कापसात गुंडाळून तेरीनाच्या पिशवीत ठेवली. नावाचं विचारलं की ती म्हणे, "आई ठेवतील."

आम्ही परतलो ते विमानानंच. आता अडवायला काही नव्हतं. सगळं गाव धावपट्टीवर आलेलं. मारेवा पुढं आली. महिन्याभरात आणखी वाळली होती. तिनं मुलीला घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, तळपायाचा वास घेतला आणि म्हणाली, "नाळ आणलीस ना?"

नाळ घरामागे पुरली, पांढऱ्या खड्यांच्या त्या लांबट ढिगाच्या उशाशी. ढिगाखाली माणूस नव्हता, नुसत्या त्या माडाच्या फळ्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर तिनं तो निवडून ठेवलेला नारळ लावला. इतके दिवस घरात ओलीत जपलेला, कोंब आता चांगला गुडघ्याला लागत होता. तेकोआ धावपट्टीच्या दिशेनं बघून काही बोलू पाहत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "तिकडं नाही लावणार. पोरीला ने-आण करायला विमान लागेल." लोक हसले. ती हसली नाही. नावाचा विषय कुणी काढला नाही, तिनंही नाही.

मी दवाखान्यात परतले. महिन्याभराची धूळ, मुंग्या, बाहेर रांगेत दहा पेशंट. सूर्य कलला. तो माड पाडल्यापासून किनाऱ्यावर कुणी हाक मारायला गेलं नव्हतं. मदतनीस बाईनं मला तसं सांगितलं. ते नाव बेटावरून उठलं होतं. ज्याचं तेच नाव होतं, त्या दुसऱ्या एका म्हाताऱ्यालाही लोक नुसतं 'अहो' म्हणत होते. मी दिवा लावायला काडी पेटवली.

आणि हाक आली.

"बाउरोऽऽ!"

काडी माझ्या बोटांना चटका देऊन विझली. रांगेतली माणसं उभी राहिली. एका बाईनं तोंडावर हात घेतला. कुणीतरी पुटपुटलं, "डोकं फिरलं तिचं." मेलेल्याचं नाव घेतलं होतं तिनं, तेही मोठ्यानं, दिवेलागणीला.

मी पळत सुटले. आधी किनाऱ्यावर गेले, महासागराच्या बाजूला, तिच्या नेहमीच्या जागी. तिथं कुणी नव्हतं. नुसत्या लाटा फुटत होत्या. मग घराकडे धावले. तेकोआही काठी टेकत धापा टाकत आले होते. आम्ही दोघं अंगणात थबकलो.

मारेवा दारात उभी होती. महासागराकडे पाठ करून, घरात तोंड करून. आत चटईवर तेरीना पाय पसरून बसली होती आणि तिच्या मांडीवर मुलगी दुधानं पेंगुळलेली. तेरीनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती.

मारेवानं आम्हाला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. ती आत गेली, चटईशी बसली आणि मुलीच्या कानापाशी वाकून तिनं पुन्हा हाक मारली. या खेपेला हळू, पोर दचकू नये म्हणून.